फुटणारी काच

खांडेनवमीच्या सकाळी अंगणातून खसाखसा घासण्याचा आवाज येत होता. विळी, अडकित्ता, पकडी, मुकुंदची करवत, घरातली सगळी हत्यारं त्या दिवशी घासून पाटावर मांडायची ही आत्याबाईंची रीत. पण इतका वेळ घासत बसावं असं हत्यार आमच्या घरात नव्हतं. मी खोलीतूनच सासूबाईंना विचारलं, "आत्याबाई, काय घासताय एवढं?"

"गाडीच्या काचा गं. पूजेला असल्या धुळकट काचा बऱ्या दिसत्यात व्हय? राखेनं बघ कशा कंदिलावानी निघत्यात."

मी बरं म्हटलं. मला त्यात काही खटकलंच नाही. खरं तर त्या खिडक्यांना काच नव्हतीच, प्लास्टिक होतं. पण आमच्याकडं खिडकीत बसते ती काच आणि चष्म्यात बसते तीही काचच. गाडीची बॉडी बांधणारे दस्तगीरभाई सुरुवातीला 'प्लास्टिकची काच' म्हणायचे, मग त्यातलं 'प्लास्टिकची' कधी गळून पडलं ते कुणाच्या लक्षात आलं नाही. आणि काच म्हटली की आत्याबाईंच्या हातात चाळलेली राख येणारच. अर्धा जन्म त्यांनी कंदिलाच्या काचा तशाच पुसल्या होत्या.

मी खोलीत पडून होते, कारण चार वर्षं मी पडूनच होते. पाठीचा मणका मोडल्यापासून कमरेखालचं अंग माझं असून नसल्यासारखं झालं होतं. थोडा वेळ टेकून बसवलं की पाठीत कळ यायची, पुन्हा आडवं करावं लागायचं. आता पंचवीसेक वर्षं होतील या गोष्टीला. आता मी चाकाच्या खुर्चीत बसून दुकानाच्या गल्ल्यावर हुकूम सोडते, पण तेव्हा मला माझं छत तोंडपाठ होतं.

घराबाहेर पडायचं ते मिरजेला दवाखान्यात, रुग्णवाहिकेतून. तिच्या खिडक्या दुधी. आत माणूस पडलेला असतो, त्याच्याकडं रस्त्यावरच्यांनी बघू नये म्हणून दुधी. आतल्या माणसाला बाहेर बघायचं असेल हे कुणाच्या डोक्यात आलेलं नसणार. विट्याहून मिरजेपर्यंत उजेड-सावली, उजेड-सावली एवढंच मला दिसायचं, आणि मी वळणावरून ओळखायची की आता कुठलं गाव आलं. कारण तो सगळा मुलूख मी स्वतः गाडी चालवत पालथा घातला होता.

आम्ही कासार. बांगड्यांचा धंदा पिढीजात. लग्नानंतर मी टेम्पो शिकले आणि बांगड्या घेऊन आठवड्याचे बाजार करायला लागले. आटपाडी, खरसुंडी, लेंगरे, भिवघाट. बाई टेम्पो चालवते म्हणून सुरुवातीला लोक बांगड्यांपेक्षा मलाच बघायला जमायचे. जमेनात का, दोन डझन घेऊनच जायचे. मुकुंदचं दुकान काचेचं आणि फ्रेमचं. मुकुंद म्हणजे माझा नवरा. तोंडावर मी अहोच म्हणते, पण लिहिताना मुकुंदच म्हणणार. माझं लिहिणं आहे. तर त्यानं माझ्या टेम्पोच्या दोन्ही अंगांना लांबच लांब काचा बसवून दिल्या. बांगड्या बाहेरूनच झळकल्या पाहिजेत असं त्याचं म्हणणं. चालतं शोकेस म्हणायचे लोक. काच कापायच्या हिऱ्यानं रेघ मारावी आणि टक् करून तुकडा वेगळा करावा, हे त्याच्याइतकं सफाईनं कुणी करत नसे.

मग एका पावसाळ्यात माझा टेम्पो फरशीवरून ओढ्यात गेला. फरशी म्हणजे आमच्याकडचा बुटका पूल, पूर आला की पाण्याखाली जाणारा. बांगड्यांच्या लोखंडी पेट्या माझ्या पाठीवर आल्या आणि मणका मोडला. आणि मुकुंदनं बसवलेल्या काचेनं माझा डावा गाल, मान आणि खांदा कापला. चाळीसावर टाके पडले. साधी काच होती ती, फुटली की सुऱ्या होणारी.

मुकुंदनं त्यानंतर काचेला हात लावला नाही. दुकानातली काच त्यानं जाईल त्या भावाला काढली आणि प्लास्टिकच्या पाट्या, नंबर प्लेटी, रेडियम असलं करायला लागला. काच कापायचा हिरा त्या वर्षापासून खांडेनवमीच्या पाटावर आला नाही. आत्याबाईंनी एकदा विचारलं, तेव्हा हरवला म्हणाला. ओढ्याचा विषय घरात निघाला की तो चपला पायात सरकवून बाहेर पडायचा. मीही मग काढेनाशी झाले. माझं अंग पुसणं, कूस बदलणं, केस विंचरणं सगळं करायचा, पण त्या दिवसाबद्दल एक अक्षर नाही.

आणि एक दिवस त्यानं जुनी मिनीबस आणली. दस्तगीरभाईंकडं तिची बाकडी काढून डाव्या अंगाला माझ्यासाठी लांब बिछाना करायचा, त्याच्या कडेला, पडल्या पडल्या डोळ्यांसमोर येईल अशी आडवी खिडकी. हे सगळं त्यानं स्वतःच्या डोक्यानं काढलं होतं. मी इतकी खूश झाले की त्याला रडू येतंय की काय असं वाटून मी विषयच बदलला. दसऱ्याच्या दिवशी वेस ओलांडून सीमोल्लंघन करायचं, थेट भिवघाटापर्यंत जायचं असं ठरलं. मला कुठल्या देवाला जायचं नव्हतं, पाहुण्यांकडं जायचं नव्हतं. मला रस्ता बघायचा होता.

खिडकीला काच घाला, असं मी पहिल्याच दिवशी म्हटलं होतं. मुकुंद म्हणाला, "काच नाही." दस्तगीरभाईंनी मग माझ्या खोलीत येऊन प्रात्यक्षिकच दिलं. न फुटणाऱ्या प्लास्टिकचा तुकडा जमिनीवर ठेवला, त्यावर हातोडा घातला, मग स्वतः चढून उभे राहिले. अंगानं ते चांगले भरदार. तुकडा वाकला आणि परत सरळ झाला. "वहिनी, माझं वजन घेतलं, आता आणि काय पायजे?" असं विचारून ते हसले. नवा तुकडा स्वच्छही होता. मी फार ताणलं नाही.

तर त्या खांडेनवमीला दहाच्या सुमाराला मला पलंगावरून उचलून गाडीत नेलं. मुकुंद, दस्तगीरभाई आणि त्यांचा एक कारागीर. पूजा गाडीची आणि माझी एकदमच करायची आत्याबाईंची हौस. बिछाना छान झाला होता. मी मान वळवून खिडकीकडं बघितलं.

बाहेर काहीच नव्हतं. म्हणजे अंगण असणार, समोर पिठाची गिरण असणार, शेवग्याचं झाड असणार. मला दिसला तो दुधाचा एक पडदा, त्यावर गोल गोल ओरखड्यांची जाळी, आणि त्यातून हलणारं काहीतरी हिरवं. रुग्णवाहिका बरी, तिच्या खिडकीला निदान ओरखडे नव्हते.

बाहेरून आत्याबाई म्हणत होत्या, "काय बाई हे, घासावं तितकं धुरकट व्हतंय. राख जाड आली का काय?"

मला आधी हसू आलं. खरंच आलं. मग हसू तिथंच थांबलं.

मुकुंद गाडीत चढला, खिडकीवरून बोट फिरवलं आणि त्याच्या तोंडाचा रंग उडाला. आईला तो काही बोलला नाही. मला म्हणाला की काळजी करू नको, दुकानात शीट पडलंय, तासाभरात दुसरं कापून बसवतो.

"तेही असंच होणार," मी म्हटलं.

तो म्हणाला की आईला सांगू, राख लावायची नाही, मऊ फडक्यानं पुसायचं. मी विचारलं की भिवघाटाच्या रस्त्याची धूळ काय मऊ असते का? वायपरनं, फडक्यानं, नुसत्या हातानं जरी पुसलं तरी त्या धुळीनं चरे पडणार. वर्षभरात पुन्हा दुधी. तर म्हणाला, "दर दसऱ्याला नवीन घालीन. माझंच तर दुकान आहे."

"आणि दसऱ्यापर्यंत मी काय डोळे मिटून जाऊ? अहो, मला काच पाहिजे."

"काच नाही."

"टफन काच मिळते आता. सगळ्या बसगाड्यांना असते. फुटली तर तिचे दाणे होतात, सुऱ्या होत नाहीत. तुम्हाला हे माहीत नाही असं म्हणू नका."

"माहीत आहे," तो म्हणाला. "तरी नाही. तुझ्या तोंडाजवळ मी काच बसवणार नाही, हेमा." आणि त्यानं चपला घातल्या.

दस्तगीरभाई खाली नारळ घेऊन उभे होते. नारळ फोडू का नको, असं त्यांनी आत्याबाईंना हळूच विचारलं. मी आतून म्हटलं, "फोडा. गाडीची काही चूक नाही." नारळ फुटला, झेंडूची माळ चढली, हळदकुंकू लागलं. मग ते आणि त्यांचा कारागीर मला परत खोलीत न्यायला गाडीत चढले.

"मी उतरणार नाही," मी म्हटलं.

त्यांना वाटलं चेष्टा. मी सांगितलं की चेष्टा नाही. माझ्या माणसाला सांगा की काच ठरेपर्यंत मी याच गाडीत राहणार. ज्याला चालता येतं तो चपला घालून विषय सोडून जाऊ शकतो. मला जाता येत नाही, पण राहता तर येतं! आणि मला माझ्या मनाविरुद्ध उचलायची कुणाची छाती असेल तर त्यानं पुढं यावं.

दस्तगीरभाई मागं सरले. "वहिनी, मुकुंदशेठ मला कच्चा खातील," एवढंच म्हणाले आणि त्याला शोधायला गेले.

दुपारी आत्याबाई ताट घेऊन गाडीत चढल्या. गुडघे दुखत असताना चढल्या. झाला प्रकार त्यांना कळला होता आणि त्यांचा चेहरा उतरला होता. "माझ्या हातानं तुझा रस्ता पुसला की गं," म्हणाल्या. मी त्यांना सांगितलं की आत्याबाई, तुम्ही आज घासलं म्हणून मला आज कळलं. नाहीतर हळूहळू दिसेनासं झालं असतं आणि मी माझ्याच डोळ्यांना दोष दिला असता. हे त्यांना बरं वाटावं म्हणून नव्हतं, खरंच होतं. मग त्या मला घास भरवत बसल्या. पाठ ठणकत होती, कूस बदलायची वेळ टळून गेली होती. त्यांनी आणि मी मिळून कशीबशी बदलली. खिडकीकडं तोंड करूनच.

पत्र्याची गाडी आश्विनातल्या उन्हानं तापली. घामानं चादर भिजली. मला त्या दिवशी अजिबात वाईट वाटत नव्हतं. चार वर्षांत पहिल्यांदा मी एखाद्या गोष्टीसाठी अडून बसले होते, आणि बसता येत नसताना.

दिवेलागणीच्या आधी मुकुंद आला. कुठं कुठं फिरून आला होता, पायजमा धुळीनं भरला होता. गाडीत चढून बिछान्याच्या कडेला उभा राहिला. म्हणाला, "पाठीला जखम होईल. घरात चल, मग बोलू."

"घरात तुम्ही बोलत नाही. इथं बोला. आणि आधी इथं माझ्याशेजारी आडवे व्हा."

त्यानं बाहेर बघितलं, कुणी आहे का. अंगणात कुणी नव्हतं. आत्याबाई दिवा लावायला आत गेल्या होत्या. तो अवघडत माझ्या कडेला आडवा झाला आणि मी म्हटलं, आता बघा खिडकीतून. त्यानं बघितलं. बराच वेळ बघत राहिला.

"कळलं," तो म्हणाला. "पण हेमा, प्लास्टिक फुटत नाही. कसंही असलं तरी ते फुटत नाही."

"तेच मला नको आहे."

त्यानं माझ्याकडं मान वळवली.

"ओढ्यातनं मी बाहेर कशी आले, तुम्हाला माहीत आहे?"

तो उठायला लागला. माझ्या हातात तेव्हा पायांचंही बळ आलेलं होतं. मी त्याचं मनगट धरून ठेवलं. "चार वर्षं तुम्ही उठून गेलात. आज नाही जायचं. बाहेर कशी आले मी?"

"धनगरांनी काढलं," तो म्हणाला. "मला दवाखान्यात सांगितलं कुणीतरी."

"कुठून काढलं?"

त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. धनगर मेंढरं घेऊन दुसऱ्या दिवशी पुढं गेले, मी शुद्धीवर यायला आठवडा लागला, आणि तोवर सगळ्या विट्यात एकच बातमी झाली होती की काचेनं कासारणीचा गाल फाडला.

मी त्याला सांगितलं. टेम्पो ओढ्यात आडवा पडला तेव्हा तुमची एकही काच फुटली नव्हती. तुम्ही बसवली होती, ती कशाला फुटतीय! खालचं दार गाळात रुतलं होतं, वरचं उघडत नव्हतं, मागच्या दारावर पेट्या आल्या होत्या. मी पेट्यांखाली होते आणि पाणी माझ्या हनुवटीला लागलं होतं. डोक्यावर तुमची ती लांब काच, आणि काचेपलीकडं एक धनगर. त्याचं तोंड मला स्वच्छ दिसत होतं, त्याला माझं दिसत होतं. तो ओरडत होता ते ऐकू येत नव्हतं. त्यानं हातानं दाखवलं, तोंड फिरव. मग काठीचा बुडखा घातला. पहिल्यांदा नुसती तडकली. दुसऱ्यांदा फुटली. त्यानं आणि त्याच्या भावानं मला काखेत धरून त्या भोकातनं वर ओढलं, तेव्हा कडेला राहिलेल्या काचेनं गाल कापला. ओढताना कापला. पाणी तोवर नाकावर आलं होतं.

"तिथं तुमचं हे न फुटणारं असतं," मी म्हटलं, "तर त्या माणसानं काठी मोडेपर्यंत मारली असती आणि मी त्याच्याकडं बघत बघत बुडाले असते. तुमची काच फुटली म्हणून मी आहे."

त्यानं मनगट सोडवून घ्यायचं थांबवलं.

"तेव्हा मला पाय होते. आता नाहीत. ही गाडी कुठं कलंडली तर मला बाहेरच्या माणसानंच काढायचं आहे. त्याला फोडता येईल अशी खिडकी द्या. आणि ती तुम्हीच बसवायची. दुसऱ्या कुणी बसवलेली मला नको."

बाहेर अंधारून आलं. आत्याबाईंनी अंगणातला दिवा लावला, तो खिडकीवर पिवळा डाग होऊन पसरला. मुकुंद तसाच पडून होता. मग उठला, खिशातनं टेप काढला आणि खिडकीचं माप घ्यायला लागला. लांबी घेतली, रुंदी घेतली, पुन्हा लांबी घेतली. पूर्वी तो नजरेनं बघून कापायचा. मी म्हटलं, एवढं काय मोजताय? म्हणाला, "टफन काच भट्टीतून आली की तिला सूतभरही कापता येत नाही. माप आधीच बरोबर पाहिजे." इंचाचा आठवा भाग म्हणजे सूत. काचेच्या धंद्यातला शब्द. चार वर्षांत तो त्याच्या तोंडून मी ऐकला नव्हता.

मग त्यानं मला घरात नेलं. दस्तगीरभाई कोपऱ्यावरच घुटमळत होते, ते धावत मदतीला आले.

दसरा गेला. गावानं वेस ओलांडली, लोकांनी घरी येऊन मला आपट्याची पानं दिली, मी पलंगावरून घेतली. कोल्हापूरहून काच यायला दिवाळी जवळ आली. काथ्यानं बांधलेल्या, एकाच मापाच्या दोन काचा आल्या. मला वाटलं, दुसरी दुसऱ्या अंगाच्या खिडकीसाठी असेल. पण त्या खिडकीचं माप वेगळं होतं.

मुकुंदनं माझा पलंग अंगणाच्या दाराशी ओढून घेतला. एक काच गोणपाटावर आडवी ठेवली. आत्याबाईंना लांब उभं केलं. मग लोखंडी टोच्या कोपऱ्यावर धरून हातोडीचा एकच घाव घातला. मोठा आवाज झाला, आणि अख्खी काच एका क्षणात पांढरी पडून खडीसाखरेसारखी ढासळली.

तो उकिडवा बसला. दोन्ही ओंजळी भरून दाणे उचलले आणि मुठी आवळल्या. शिरा फुगेपर्यंत आवळल्या. मी नको म्हणणार होते, पण म्हटलं नाही. मग माझ्याजवळ येऊन त्यानं तळवे उघडले. खळगे पडले होते, लाल वण उठले होते, एका बोटाला जरासा ओरखडा होता. रक्त नव्हतं.

दाणे खाली पडले. त्यानं हात पायजम्याला पुसले आणि उजवा तळवा माझ्या डाव्या गालावर ठेवला, टाक्यांच्या वणावर. चार वर्षं त्यानं माझं सगळं अंग पुसलं होतं, पण तो गाल आत्याबाई पुसायच्या.

एखादा दाणा तळव्याला चिकटून राहिला असावा, मला तो गालाला टोचला. मी काही बोलले नाही. हात काढून घेतला असता त्यानं.